मदत हवी आहे: बाबांच्या हाताच्या कंपासाठी फोकस्ड अल्ट्रासाउंड

बाबा ७१ वर्षांचे, एसेन्शियल ट्रेमर (हात आपोआप थरथरण्याचा आजार) आहे. प्रोप्रानोलॉल, प्रिमिडोन ही दोन्ही औषधं घेऊन झाली, तरी चहाचा कप तोंडापर्यंत जात नाही. सही जमत नाही म्हणून बँकेत जाणंच सोडलंय, बघवत नाही. डॉक्टरांनी एमआरआयमध्ये होणारं फोकस्ड अल्ट्रासाउंड सुचवलंय. कवटी न उघडता ध्वनिलहरी मेंदूच्या थॅलॅमस या भागातल्या एका बिंदूवर एकवटून तेवढाच भाग तापवून निकामी करतात. अमेरिकेत २०१६ पासून याला मान्यता आहे. डोकं पूर्ण भादरावं लागतं, त्याला बाबा तयार आहेत. सीटी स्कॅनवर कवटीची घनता बघायची राहिलीय.

कुणाच्या घरी हे झालंय का? नंतर तोल जाणं, ओठ-बोटं बधिर होणं किती दिवस राहिलं? कंप परत आला का? डीबीएसऐवजी (मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया) हेच का निवडलंत? कुठे केलंत, खर्च किती आला, तेही कृपया सांगा.