फळमाशीच्या सापळ्यांची मोजणी कशी करता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोराईला आमची छोटी वाडी आहे, बारा आंबे, सहा पेरू आणि दोन चिकू. मी राहतो बोरिवलीत, त्यामुळे फेरी फक्त रविवारी, जेटीवरून बोटीने.

मागच्या मोसमात आंबा बाहेरून अगदी स्वच्छ दिसायचा, पण कापला की आत वळवळणाऱ्या अळ्या. आईने तर पाटीभर फळं पुरून टाकली. यंदा मिथाइल युजेनॉलचे (फळमाशीला ओढणारा गंध) चार सापळे टांगलेत. पहिल्या आठवड्यात एकात ६३ माश्या मिळाल्या, तर पुढच्या रविवारी नुसते पंख! मुंग्यांनी फडशा पाडला होता. आता दोरीला ग्रीस लावलंय, बघू.

माझा गोंधळ असा: या गंधाला फक्त नर येतात, अंडी घालते मादी. मग नरांचा आकडा घटला म्हणजे फळं वाचली असं धरायचं का? की दर रविवारी पडकी फळं कापून बघणंच खरं? आणि कुंपणावरच्या कारल्या-दुधीची माशी यात येतच नाही, तिला क्यू ल्यूर हा वेगळा गंध लागतो. तो सापळा या चारांपासून किती लांब टांगू? पावसाळ्यात सापळ्यातली गंधाची वडी किती दिवसांनी बदलता?

शेजारच्या वाडीत सापळे नाहीत, हेही सांगून ठेवतो.