काउबॉय बीबॉप: पिक्चर आत्ता बघू की सिरीज संपल्यावर? मदत हवी आहे
मंडळी, एक भांडण मिटवून द्या. मी आणि माझा रूममेट दर शनिवारी रात्री जेवणं उरकली की काउबॉय बीबॉप बघतो, १९९८ ची जपानी ॲनिमे, २०७१ सालातले कायम कडके बाउंटी हंटर (इनामासाठी गुन्हेगार पकडणारे) आणि मागे योको कान्नोचं जॅझ, आहाहा. एकूण २६ एपिसोड, आमचे २२ झालेत. आता २००१ चा पिक्चर गोष्टीत २२ आणि २३ च्या मधे बसतो, म्हणून मी म्हणतो आत्ताच बघू, तर हा म्हणतो आधी सिरीज संपव, पिक्चर नंतरच आलाय ना. या वादात दोन शनिवार गेले! मधे बघितला तर शेवटाची मजा जाते का? आणि प्लीज, सिरीजच्या हिरोचं, स्पाइकचं, पुढे काय होतं ते फोडू नका.