आयसीयूत पेशंटला उठवून बसवणं म्हणजे छळ का?

मांजराकाठची:
काल इथंच एका दादांनी लिहिलं, ‘आयसीयूतल्या माणसाला निपचित पडू द्या. नळीतून वरणाचं पाणी न् नारळपाणी पुरे. हातपाय हलवणं हे बिल वाढवायचे धंदे.’ माझे सासरे न्यूमोनियानं अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. आम्हीही वरणाचं पाणी गाळून गाळून पाठवायचो. घरी आणलं तर धोतर कमरेवर ठरेना, तांब्या उचलला की हात लटपट. 2013 साली लंडनच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीनं मोजलंय, दहा दिवसांत मांडीचा स्नायू 18 टक्क्यांच्या आसपास घटतो. युरोपातल्या नियमानं 60 किलोच्या माणसाला हळूहळू वाढवत दिवसाला 78 ग्रॅम प्रोटीन लागतं. एका अंड्यात सहा. वरणाच्या पाण्यात? हळद.

दुधनाकाठचा:
मीच तो दादा. अर्धवट वाचून शिकवू नका ताई. 2023 चा अभ्यास बघा, तेराशेच्या आसपास पेशंट. जास्त प्रोटीन देऊनही सुटी लवकर झाली नाही, किडनी बिघडलेल्यांचं तर उलट वाईटच झालं. आणि पावडरचा डबा काहून फक्त खालच्याच मेडिकलात मिळतो? आईसाठी नऊ दिवसांत चार डबे घ्यायला लावले. उरलेले परत घेईनात.

फिजिओ_परभणी:
त्याच अभ्यासात कमी प्रोटीनवाल्यांनाही किलोमागे 0.9 ग्रॅम मिळत होतं, म्हणजे 60 किलोला 54. वरणाच्या पाण्यानं होतंय का तेवढं? व्यायाम म्हणजे जोरबैठका नव्हेत. पाय हलवणं, खाटेच्या कडेला बसवणं, बस्स.

दुधनाकाठचा:
2022 ला 750 पेशंटांवर तेही करून झालं. जास्त व्यायामानं फायदा शून्य, वर बीपी न् ठोक्यांच्या भानगडी जास्त.

फिजिओ_परभणी:
मान्य, अति नको. पण दुसऱ्या गटालाही रोजचा फिजिओ होताच. नुसतं निजवून कुणालाच ठेवलं नव्हतं!

गोदावरीचं_पाणी:
डब्याचं बोला हो! आमच्या मेव्हण्यानं पैसे वाचवायला दुधात शेंगदाण्याचं कूट कालवून नळीत सोडलं. नळी तुंबली. नवी घालताना म्हातारीचं नाक रक्तबंबाळ.

बालाघाटचा:
अंडी द्यायची की उकडून. पण श्रावण आडवा येतो ना तुम्हाला.

गोदावरीचं_पाणी:
उकडलेलं अंडं नळीतून घालून दाखव आधी! माळकरी घर आहे आमचं, जीभ सांभाळ.

बालाघाटचा:
माळ तुमची, मरण म्हातारीचं.

मांजराकाठची:
अरे, दूध, दही, सोयाबीन हे काय मटण आहे का? सोयाबीन पिकवणारे आपणच, न् पेशंटला साबुदाण्याची पेज! नळीतलं मात्र डाएटिशियननं सांगितलेलंच.

दुधनाकाठचा:
म्हणजे पुन्हा डबाच. कमिशन किती?

फिजिओ_परभणी:
माझा पगार सांगू का? लाजाल.

दुधनाकाठचा:
बरं बाई, चुकलं. आई घरी आली, पण उठताना अजून खांब धरते. आजपासून दिवसातून चारदा बसवतो. आणि दीड डबा शिल्लक आहे, अर्ध्याचं सील फुटलंय. लागतोय का कुणाला? खालच्या मेडिकलपेक्षा स्वस्त देतो.