बारा वाजायला पाच मिनिटं: मुलांना येणारी ढकलपत्रं

गेल्या गुरुवारी रात्री साडेअकराला लेक उशी घेऊन आमच्या खोलीत आली. पाचवीत आहे. तोंडातून शब्द फुटेना, नुसता फोन पुढे केला. 'हा मेसेज २० जणांना पाठव. नाहीतर आज रात्री १२ वाजता तुझी आई मरेल.' खाली कवटी, मेणबत्ती आणि कुठल्याशा मुलीचा धुरकट फोटो. (व्हॉट्सअ‍ॅपला १३ वर्षं पूर्ण लागतात हे मला ठाऊक आहे. वर्गाचा गृहपाठ त्याच ग्रुपवर येतो हेही ठाऊक आहे. तेव्हा त्यावरून भांडण नको.)

तिने मेसेज पाठवला होता. पण फोनमध्ये नंबरच चौदा. आजी, मामा, मावशी, मैत्रिणी, व्हॅनवाले काका, इस्त्रीवाले. इस्त्रीवाल्यांचं उत्तरही आलं होतं: 'ताई कपडे उद्या देतो.' मला हसू फुटलं आणि तिथेच माझं चुकलं. सहा माणसं कमी पडली म्हणून ती रडत होती आणि जिला वाचवायचं ती आईच हसत होती.

'अगं खोटं असतं ते, झोप' असं तीनदा म्हणून झालं. उपयोग शून्य. शेवटी दिवा लावला आणि दोघी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. बारा वाजले. म्हटलं, बघ. तर म्हणते, "आई, आपलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे." व्हॅन चुकू नये म्हणून मीच ते पुढे करून ठेवलंय. ती पाच मिनिटं मलाही जड गेली, खोटं कशाला सांगू.

सकाळी तिने चौदाही जणांना 'सॉरी, आई ठीक आहे' असं कळवलं. त्यावर माझ्या सासूबाईंचा घाबऱ्याघुबऱ्या फोन आला, तो वेगळा विषय.

तुमच्याकडे काय काय झालं? सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

सदाशिव पेठ, वय ५६

आमच्या लहानपणी हेच पोस्टाने यायचं. पिवळट कार्ड, वर 'संतोषी माता प्रसन्न'. अशी एकवीस कार्डं लिहून पाठवा. एकाने पाठवली, त्याला लॉटरी लागली. एकाने कार्ड फाडलं, त्याचा मुलगा गेला. पाठवणाऱ्याचं नाव कधीच नसायचं. आई दुपारी पाटावर बसून कार्डं उतरवायची. पहिली चार सुवाच्य, मग हात भरून यायचा आणि लॉटरी लागली की मुलगा गेला हेही धड वाचता यायचं नाही. वडील चिडायचे ते कार्डांच्या पैशांवरून.

एकदा त्यांनी आलेलं कार्ड सरळ बंबात घातलं. पाणी तापलं, सगळ्यांच्या अंघोळी झाल्या. पंधरा दिवसांनी धाकट्या भावाला टायफॉइड. आई वडिलांना एका शब्दाने बोलली नाही, नुसती बंबाकडे बघायची. भाऊ खडखडीत बरा झाला, आज हडपसरला मजेत आहे. पण त्यानंतर वडिलांनी एकही कार्ड जाळलं नाही. आलं की पंचांगात ठेवून द्यायचे. पाठवलं नाही आणि फाडलंही नाही.

तेव्हा मोबाईलला फार शिव्या घालू नका. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा कुणाच्या हातात कायप्पा (व्हॉट्सअ‍ॅप) होतं? तरी एका दिवसात देशभर देवळांपुढे रांगा लागल्या.

गणिताची शिक्षिका, सातवीचा वर्ग

मी फळ्यावर मांडून दाखवलं. प्रत्येकाने दहा जणांना पाठवलं तर पहिल्या पायरीला १०, दुसऱ्या पायरीला १००, दहाव्या पायरीला १००० कोटी. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या आसपास. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मग शेवटचे लोक पाठवणार कुणाला? माणसंच संपली." वर्ग खूश, मीही खूश.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. "गणित कळलं मॅडम. पण मी पाठवून टाकते. फुकट तर असतं." यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

बाबा, वाकड

२०१८ चा ऑगस्ट. मोमो नावाचा भयानक चेहरा मुलांना धमकीचे मेसेज पाठवतो ही अफवा आमच्या घरात कुणाला माहीतही नव्हती. माहिती दिली ती मुलाच्या शाळेने. पालकांच्या ग्रुपवर सूचना, सोबत तो डोळे वटारलेला चेहरा, तोही ठळक. 'हे चित्र मुलांना दाखवू नका.' मुलगा माझ्या शेजारीच बसला होता. झालं! चार रात्री संडासाला एकटा जाईना.

मग शोधत बसलो. तो चेहरा म्हणजे केइसुके आइसो या जपानी कलाकाराने केलेला पुतळा. २०१६ साली टोकियोच्या एका गॅलरीत मांडला होता. खाली पक्ष्याचे पाय आहेत. फिरणाऱ्या फोटोंत ते कापलेले असतात. मी मुलाला पायांसकट पूर्ण फोटो दाखवला. पुढे २०१९ मध्ये त्या कलाकाराने सांगितलं की पुतळा सडला, टाकून दिला. तेही मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "ओल्या कचऱ्यात की सुक्या?"

त्या रात्रीपासून एकटा जायला लागला. शाळेच्या सूचनेबद्दल बोलायला गेलो, तर 'आम्हालाही वरून फॉरवर्ड आला होता' असं ऐकवलं.

अकरावी, धनकवडी

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आठवीत असताना असा मेसेज मी बनवला होता. जुना एक उचलला, त्यातलं गाव काढलं आणि आमच्या सोसायटीच्या मागची विहीर घातली. एका मुलीचं नावही घातलं, सुचलं ते. दुपारी तीनला चार मित्रांना पाठवला. रात्री नऊला तो चिंचवडच्या मावसभावाकडून मलाच परत आला, दोन बाण लागून. आपणच लिहिलेलं, तरी त्या रात्री मी खिडकी लावून घेतली. विहिरीकडची.

मोठ्यांसाठी एक माहिती. दोन बाण म्हणजे मेसेज खूपदा ढकललेला आहे. २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येतो. म्हणून मुलं तो कॉपी करून नव्याने चिकटवतात, बाण गायब होतात. बाण नाही म्हणून मेसेज ताजा किंवा खरा, असं धरू नका.

व्हॅनवाला, सिंहगड रस्ता

ताई, माझ्याही फोनवर असे पोरांचे मेसेज येतात. मी वाचत नाही, वाचलं तर गाडी चालवायची कशी?

पण २०१८ च्या पावसाळ्यातलं सांगतो. पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणून व्हिडिओ फिरत होते. १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला त्याच अफवेवरून पाच माणसं मारली लोकांनी. भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी. त्याच आठवड्यात माझा एक दोस्त आजारी, म्हणून त्याच्या फेरीवर मी गेलो. दुसरीतली एक पोरगी गाडीत बसेना. "हे काका व्हिडिओतले आहेत." एवढंच म्हणाली. दोन मिनिटांत गेटवर आठदहा माणसं. मी किल्ली काढून वॉचमनच्या हातात दिली आणि खाली उतरून उभा राहिलो. पोरीच्या आईने दोस्ताला फोन लावला, तेव्हा कुठे माणसं हलली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी जाईल असं भारतासाठी जाहीर केलं. माझ्यापुढची ती आठ माणसं पाच मेसेजातही जमली असती.

त्या वर्षापासून दुसऱ्याची फेरी घेत नाही.

आई, बिबवेवाडी

थोडक्यात. 'दहा मित्रांना पाठव, रिचार्ज फुकट.' लेकाने दहा जणांना पाठवलं, लिंक उघडली, ओटीपीही दिला. अठराशे रुपये गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावला, तक्रार नोंदवली गेली. दहातल्या तिघांनीही लिंक उघडली होती. त्यांच्या आयांना फोन करणं पैशांपेक्षा महाग पडलं.

आत्या, कर्वेनगर

मला मूल नाही, भाचरं पाच. त्यांना सांगून ठेवलंय: असलं काही आलं की फक्त मला पाठवायचं, मी एकटी वीस जणांच्या बरोबरीची. सगळ्यांना लगेच पटलं, माझं वजन त्यांना माहीत आहे. डायरीत मांडून ठेवते. आत्तापर्यंत ४३. त्या हिशोबाने मी बरेचदा वारले, चारदा आंधळी झाले आणि एकदा आवडता मुलगा सात दिवसांत होकार देणार होता, त्याची वाट बघतेय.

धाकटा सात वर्षांचा आहे. त्यालाही ही व्यवस्था मान्य आहे. फक्त ज्या रात्री मेसेज पाठवतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला वहिनीच्या मोबाईलवरून त्याचा फोन येतो.

"आत्या, उठलीस?"

उठले म्हटलं की ठेवून देतो.