घरी प्रोजेक्टर लावलाय? कसा निवडला ते सांगा (अनुभव धागा, बेळगाव-खानापूर-निपाणी-चिकोडी)

शहापूरकर :
मंडळी, हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच की होम थिएटरसाठी प्रोजेक्टर घ्यायचाय, कुठला घेऊ. मी मॉडेलचं नाव सांगायच्या आधी खोली विचारतो. कारण पुण्या-बंगळूरच्या शोरूममध्ये काळ्या भिंतींच्या खोलीत बघून आलेलं चित्र आपल्या चुन्याच्या पांढऱ्या हॉलमध्ये तसं दिसतच नाही, आणि आपल्याकडे दुकानात डेमोला लावलेला असतो तो बहुतेक शाळा-ऑफिसचा प्रोजेक्टर. म्हणून म्हटलं ज्यांच्या घरी लागलाय त्यांनीच लिहावं. खोली किती बाय किती, उजेड कुठून येतो, कशाची कशाशी तुलना केली, आता वापरताना काय वाटतंय. नुसतं "मस्त आहे, घ्या" नको.

माझी माडीवरची खोली १२ बाय १६, एकच खिडकी, तिला जाड पडदा. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० च हवा हे पक्कं होतं, प्रश्न होता डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवरून चित्र पाडणारा) की थ्री-एलसीडी (तीन एलसीडी पॅनलांतून पाडणारा). मित्राचा डीएलपी होता तो घरी आणला आणि दुसऱ्या एका मित्राचा एप्सनचा थ्री-एलसीडी, दोन्ही एकाच भिंतीवर आळीपाळीनं लावले. काळा रंग डीएलपीवर जास्त काळा दिसत होता, अक्षरांच्या कडाही जास्त धारदार. पण शेवटी नावांची पाटी सरकायला लागली की बायको म्हणायची "पांढऱ्या अक्षरांना लाल-निळी झाक येतेय", मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्याचं कारण असं की एका चिपच्या डीएलपीत लाल, हिरवा, निळा एकापाठोपाठ येतात, मध्ये रंगीत चाक फिरत असतं, आणि काही जणांचे डोळे झटकन हलले की ते रंग सुटे दिसतात. थ्री-एलसीडीत तिन्ही रंग एकदम पडतात, म्हणून तिथे हा प्रकार नाही. आम्ही थ्री-एलसीडी घेतला. घरातल्या सगळ्यांना बसवून बघा, एकट्याच्या डोळ्यावर ठरवू नका.

निपाणीकर :
लुमेन्सबद्दल, म्हणजे प्रोजेक्टर किती उजेड टाकतो त्याच्या मापाबद्दल लिहितो कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच आहे. खोक्यावर ९०००, १२००० लुमेन्स छापलेलं असतंय, त्याच्याकडं बघायचंच नाही. एएनएसआय लुमेन्स किंवा आयएसओ २१११८ प्रमाणं (दोन्ही मोजायच्या ठरलेल्या पद्धती) मोजलेला आकडा आहे का तेवढंच बघायचं, "एलईडी लुमेन्स" नावाच्या आकड्याला काही अर्थ नाही. आता हिशोब बघा. १०० इंची पडदा (इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात) म्हणजे सव्वासात फूट रुंद, चार फूट उंच, धरा ३० चौरस फूट. थिएटरात पडद्यावर १४ ते १६ फूट-लॅम्बर्ट (साध्या पांढऱ्या पडद्यावर दर चौरस फुटाला तेवढे लुमेन्स) उजेड धरतात, म्हणजे पूर्ण अंधारात ३० गुणिले १६, ४८० लुमेन्स पडद्यावर पोचले तरी पुरे. मग २५००-३००० कशाला लागतात? एक तर सिनेमा मोडला टाकलं की उजेड बराच खाली येतो, इको म्हणजे वीज वाचवायचा मोड केला की आणखी खाली, वर्षं सरतील तसा दिवाही मंद होतो. आणि दुसरं म्हणजे आमच्यासारखा हॉल, तीन बाजूंनी खिडक्या, समोर रस्ता, आणि बघायची काय तर दुपारची मॅच! अशा हॉलमध्ये ३००० वालासुद्धा दुपारी फिकाच पडतोय, कारण प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, भिंतीवर जेवढा उजेड आधीच आहे तेवढाच तुमचा काळा. म्हणून मी दिवसाची मॅच टीव्हीवर ठेवलोय आणि प्रोजेक्टर रात्रीसाठी. एकाच वस्तूकडून दोन्ही कामं घ्यायला गेलं की बजेट दुप्पट होतंय आणि चित्र मधलंच मिळतंय, हे माझं ठाम मत.

अजून एक, डीएलपी घेताना पांढऱ्याचे लुमेन्स आणि रंगाचे लुमेन्स वेगळे विचारा. चाकात पांढरा भाग असला की पांढरं लई झगझगीत आणि मैदानातलं हिरवं मात्र मळकं दिसतंय.

अनगोळ, भाड्याच्या खोलीतून :
माझं बजेट कमी, खोली १० बाय ११, घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. त्यामुळे छोटा एलईडीवाला घेतलो. घेताना एकच गोष्ट धरून बसलो, नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे आतल्या पॅनलवर खरोखर किती पिक्सेल (चित्राचे ठिपके) आहेत ते. जाहिरातीत "१०८०पी सपोर्ट", "फोर के सपोर्ट" असं लिहितात त्याचा अर्थ फक्त एवढाच की तसा सिग्नल तो घेतो, आतलं पॅनल १२८० बाय ७२० किंवा त्याहून कमी असू शकतं. नेटिव्ह १०८०पी असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. लॅपटॉप जोडून बारीक अक्षरांची एक्सेल शीट लावा, दुकानातच कळतंय.

दुसरं, आत अँड्रॉइड आहे म्हणून नेटफ्लिक्स एचडीत चालेलच असं नाही. परवाना नसलेल्या मशीनवर ॲप चालत नाही, नाहीतर ४८०पीवर अडकतं. मी वेगळी फायर स्टिक (ॲप चालवायची मागे जोडायची कांडी) लावलो, विषय मिटला. आणि ऑटो कीस्टोन. वाकडा ठेवला तरी चौकोन सरळ करून देतो हे खरं पण ते पिक्सेल कापूनच करतो, म्हणून स्टूलवर नीट समोर ठेवायलोय आणि कीस्टोन बंद.

खानापूरकर :
आमच्याकडचा विषय वेगळा. जूनपासून जो पाऊस लागतो तो काय असतो हे इकडच्यांना सांगायला नको, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं लेन्स आणि पडद्याचं काय. मी घेताना चित्र सगळ्यांत शेवटी बघितलं, आधी बघितलं की आतला ऑप्टिकल भाग (उजेडाचं चित्र करणारं इंजिन) बंद आहे की उघडा. उघड्या एलसीडीत फिल्टरमधून धूळ आत गेली की अंधाऱ्या सीनमध्ये पडद्यावर ढगासारखे डाग दिसतात, आणि उन्हाळ्यात आमची लाल माती कशी उडते ते माहितेय. म्हणून मी बंद इंजिनचा लेझर डीएलपी (दिव्याऐवजी लेझरचा उजेड) घेतला. लेझरचं आयुष्य २०,००० तास सांगतात, रोज तीन तास बघितलं तरी अठरा वर्षं होतात. दिव्यावाल्याचा दिवा फुल मोडमध्ये साधारण ४-५ हजार तास, इकोत जास्त. सुरुवातीला लेझर महाग वाटतो, पण दिवा बदलायचा, तो ओरिजिनल कुठून आणायचा, ही कटकटच नाही.

पावसाळ्यात एक नियम करा, बघायचं नसलं तरी रोज अर्धा तास चालू ठेवायचा. आतल्या गरमीनं ओल धरत नाही. गुंडाळायचा पडदा दमट दिवसांत गुंडाळून ठेवू नका, सुकवून मगच वर घ्या. आमच्या घराला पत्रा आहे, पाऊस पडायला लागला की डायलॉग ऐकू येत नाहीत, म्हणून पत्र्याखाली सीलिंग करून वर ग्लासवूल टाकलं. फॅनचा आवाज किती डेसिबल ते वाचत बसलो होतो, पण जुलैत त्याचा काहीच संबंध उरला नाही.

संकेश्वरच्या ताई :
मी निवृत्त शिक्षिका, विज्ञान शिकवायची, त्यामुळे फोर के घ्यायचा की १०८० हे मोजूनच ठरवलं. १०० इंची पडद्यावर १०८०चा एक पिक्सेल साधारण १.१५ मिलिमीटरचा होतो. चांगला डोळा एका कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, फरक ओळखतो. हिशोब केला तर १३ फुटांच्या पुढे बसणाऱ्याला १०८०चे पिक्सेल सुटे दिसत नाहीत. आमचा सोफा पडद्यापासून चौदा फुटांवर, मागे जेवणाचं टेबल, पुढे सरकायला जागा नाही. मग चौपट पिक्सेलचे पैसे का द्यायचे? तेच पैसे चांगल्या काँट्रास्टच्या १०८० मॉडेलला आणि पक्क्या चौकटीच्या पडद्याला घातले. पण ८-९ फुटांवर बसणार असाल तर फोर के घ्याच, फरक उघड दिसतो.

आणि फोर के म्हणून जे परवडणारे डीएलपी मिळतात त्यांतल्या बऱ्याच जणांत चिप १९२० बाय १०८० चीच असते, ती चित्र चार वेळा किंचित सरकवून ८३ लाख पिक्सेल पडद्यावर पाडते. यात फसवणूक नाही, दिसायला चांगलंच दिसतं, फक्त काय घेतोय ते माहीत असावं. पूर्ण फोर केची पॅनलं सोनी, जेव्हीसीच्या महागड्या मॉडेलांत असतात, काळा रंगही त्यांचाच सरस.

शहापूरकर :
ताई, हे १३ फुटांचं गणित फार कामाचं आहे, धन्यवाद. १२० इंची पडदा असेल तर ते अंतर किती होईल?

संकेश्वरच्या ताई :
त्याच प्रमाणात वाढेल, साडेपंधरा फुटांच्या आसपास.

वडगाव, वायरिंगवाला :
दादा-ताई, मी लोकांच्या घरात हे बसवतो म्हणून माझंपण ऐका की ओ. लोक प्रोजेक्टर घेऊन येतात आणि मग विचारतात कुठं टांगायचा, ते उलटं आहे. आधी थ्रो रेशो बघायचा. रेशो गुणिले पडद्याची रुंदी म्हणजे लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर. १.५ रेशो असला तर १०० इंचाला ११ फूट लागायलेत, खोली १० फुटांची असली तर काय करणार? मग शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळनंच मोठं चित्र पाडणारा बघा. अल्ट्रा शॉर्ट थ्रो टेबलावर भिंतीला चिकटून बसतोय, पण त्याला भिंत एकदम सपाट पाहिजे, आपल्या जुन्या मातीच्या भिंतींवर चित्र लाटा मारतंय, त्याला खास पडदाच लागतोय.

लेन्स शिफ्ट असलेला मिळत असला तर थोडे पैसे जास्त द्या. बीम मध्ये आली, पंखा मध्ये आला, तरी मशीन सरळ ठेवून चित्र खाली-वर घेता येतंय आणि पिक्सेल कापत नाही. स्लॅब टाकायच्या आधीच पाईप टाकून ठेवा, दीड इंची, कारण एचडीएमआयचं टोक बारक्या पाईपातनं जात नाही. लांब ओढायची असली आणि फोर के असलं तर साधी तांब्याची केबल दम टाकतेय, १० मीटरच्या पुढं फायबरवाली एचडीएमआय घाला आणि तिची दिशा बघून घाला, एक टोक सोर्सचं एक डिस्प्लेचं असतंय. अर्थिंग तपासून घ्या. दिव्यावाल्या मशीनला छोटा यूपीएस लावा, लाईट गेली तरी फॅन चालून दिवा निवायला पाहिजे.

आणि सगळ्यांत स्वस्त सुधारणा सांगतो. पडद्याच्या वरची छताची चार फूट आणि बाजूच्या भिंती गडद मॅट रंगवा. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरनं उजेड परत पडद्यावर येतोय आणि काळा राखाडी होतोय. एका गिऱ्हाईकाला महागडं मॉडेल बदलून पाहिजे होतं, आधी रंग मारून बघा म्हटलो, मग मशीन बदलायचा विषयच त्यांनी काढला नाही.

टिळकवाडी :
थोडक्यात लिहितो. जुना, वापरलेला घेणार असाल तर मेन्यूत दिव्याचे तास बघा, पण दिवा बदलला की तो आकडा शून्य करता येतो, म्हणून पूर्ण पांढरं आणि पूर्ण राखाडी चित्र लावून डाग आणि पिवळेपणा बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, त्यामुळे मेन्यूतला हाय अल्टिट्यूड मोड चालू करायची गरज नाही, तो साधारण १५०० मीटरच्या वरच्यांसाठी, उगाच फॅनचा आवाज वाढतो.

निपाणीकर :
आणि नवीन घेणाऱ्यांनो, २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, जुन्या किमतीचं कोटेशन कोण देत असेल तर परत मागून घ्या.

खानापूरकर :
वडगावच्या भाऊंना एक विचारायचं होतं, पत्र्याखाली लाकडी तुळईला माऊंट लावला तर वाऱ्यानं चित्र हलतंय का?

वडगाव, वायरिंगवाला :
तुळई जाड असली तर हलत नाही. पण वर चालायची माडी असली तर लावू नका, कोण चाललं की चित्र थरथरतंय. मागच्या भिंतीला शेल्फ मारा, खाली रबराचे पॅड घाला, आणि माऊंट घ्यायच्या आधी मशीनचं वजन किती आहे ते मला कळवा.