चौथीतील मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि मुलांचे आपसांतील वागणे

प्रश्न (चौथीतील मुलीची आई, पुणे)

नमस्कार. माझी मुलगी चौथीत शिकते. तिच्याकडे स्वतःचा फोन नाही आणि कोणत्याही समाजमाध्यमावर तिचे खाते नाही. तरीही गेल्या वर्षभरात तिच्या मैत्रीचा, भांडणांचा आणि रुसव्याफुगव्यांचा बराचसा भाग माझ्या फोनवर घडू लागला आहे.

वर्गातील काही मुलांनी आपापल्या आयांच्या फोनवरून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरू केला. आरंभी त्यावर गृहपाठाची विचारणा होत असे, नंतर गमतीजमती आणि रील्स येऊ लागल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांच्या वर्गातील एक मुलगी नाचाच्या स्टेप्स विसरली आणि रंगमंचावरच रडू लागली. प्रेक्षकांपैकी कोणीतरी त्याचे चित्रीकरण केले होते. तिच्या रडवेल्या चेहऱ्याचे स्टिकर तयार झाले आणि ते ग्रुपवर सतत फिरू लागले. कोणी ‘आज गृहपाठ खूप आहे’ असे लिहिले की उत्तरादाखल तो चेहरा, कोणी ‘डबा विसरले’ म्हटले तरी तोच चेहरा. माझ्या मुलीनेही तो पाठवला. जिचा चेहरा आहे ती मुलगी आमच्या घरी अनेकदा जेवून गेलेली आहे. मी मुलीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सगळेच पाठवतात, आणि ती पण हसली.” त्या मुलीने खरोखरच हसण्याचे चिन्ह पाठवले होते. पुढे तिच्या आईकडून कळले, की ती सकाळी शाळेत जायला नकार देते.

माझी मुलगी निष्ठुर नाही. धाकट्या भावाला खरचटले तरी तिच्या डोळ्यांत पाणी येते. मग हेच तिला का जाणवले नाही? हा वयाचा भाग आहे, की या माध्यमामुळे इतक्या लहान मुलांच्या एकमेकांशी वागण्यातच फरक पडतो आहे? तिला ग्रुपमधून काढावे, तर ती एकटी पडेल अशी भीती वाटते. शाळेने हा शाळेबाहेरचा विषय असल्याचे सांगितले. शिक्षकांची, डॉक्टरांची आणि अनुभवी पालकांची मते वाचायला आवडतील.

उत्तर १ (प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा)

ताई, तुमच्या मुलीला ते का जाणवले नाही, हा तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून त्याच्याविषयीच सविस्तर लिहिते.

नऊ-दहा वर्षांची मुले रोज भांडतात. परिपाठाच्या वेळी घेतलेली कट्टी मधल्या सुट्टीत डबे उघडेपर्यंत बहुधा सुटलेली असते. ती सुटण्यामागे अनेक गोष्टी असतात. समोरचीचा ओठ थरथरताना दिसतो, एखादी तिसरी मैत्रीण मध्ये पडते, आम्ही दोघींना मुद्दाम एका बाकावर बसवतो, खो-खोच्या संघात दोघींची गरज लागते. या वयाची मुले बोचरे बोलतातच. पण आपले बोलणे कुठे लागले हे त्यांना समोरच्या चेहऱ्यावरून त्याच क्षणी कळते, आणि बहुतेक मुले तिथे थांबतात. हे थांबणे कोणी व्याख्यान देऊन शिकवू शकत नाही. ते शेकडो लहानलहान भांडणांतून अंगवळणी पडते.

ग्रुपवर यांतील काहीच होत नाही. तुमच्या मुलीने स्टिकर पाठवले, तेव्हा ती मैत्रीण तिच्यासमोर नव्हती. होते ते फक्त तिचे एक गोठलेले चित्र, जे दहा जणांनी आधीच गंमत म्हणून वापरले होते. वर्गात एखादी मुलगी ओढूनताणून हसत असेल तर तिच्या शेजारणीला ते लगेच कळते. फोनवरची हसण्याची चिन्हे मात्र सगळी सारखीच दिसतात, आणि चिडवले जाणारे मूल आपण वेगळे पडू नये म्हणून तेच चिन्ह पाठवते. म्हणून ‘ती पण हसली’ हे तुमच्या मुलीचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. तिच्यापुढे जे होते, त्यावरून तिने तोच अर्थ लावला.

दुसरी गोष्ट वेळेची. मैदानात चिखलात पडलेल्या मुलाची टिंगल एखादा दिवस होते, मग दुसरे काही घडते आणि मुले ती विसरतात. स्टिकर विसरले जात नाही. ते फोनमध्ये साठवलेले असते आणि संध्याकाळी, रविवारी, सुट्टीतही पुन्हा वर येते. पूर्वी शाळेत त्रास झालेले मूल घरी जाऊन मोकळा श्वास घेत असे. आता तो त्रास आईच्या फोनमधून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो.

आमच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांच्या हाती फोन संध्याकाळी वडील शेतातून परतल्यावरच येतो, तरी खेळांत फरक दिसतो. मधल्या सुट्टीत काही मुली हातात फोन असल्याचा आविर्भाव करतात आणि इतर जणी त्या नसलेल्या कॅमेऱ्यासमोर नाचतात. त्यात वाईट काही नाही, मुले नेहमीच मोठ्यांची नक्कल करतात. मला खटकते ते एवढेच, की अशा खेळात कोणाला ‘चित्रात’ घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, यावरच सारा वेळ जातो. लगोरीत कच्च्या खेळाडूलाही कुठल्या तरी बाजूला जागा द्यावी लागते. इथे त्याला वगळले तरी खेळ अडत नाही.

सगळा दोष फोनवर टाकणेही योग्य नाही. मार्च २०२० नंतर शाळा दीर्घकाळ बंद होत्या. त्या काळात पहिली-दुसरीत असलेली मुले वर्गात परतली, तेव्हा आपली पाळी येईपर्यंत थांबणे, वस्तू वाटून घेणे हे त्यांना नव्याने शिकवावे लागले. त्यात फोनचा वाटा किती आणि सवंगड्यांविना गेलेल्या दिवसांचा किती, हे वेगळे करून सांगणे कठीण आहे.

उत्तर २ (बालरोगतज्ज्ञ, नाशिक)

वरील निरीक्षणांना संशोधनाची थोडी जोड देतो, आणि त्याच्या मर्यादाही सांगतो. २०१४ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहावीतील सुमारे ५० मुलांना पाच दिवस निसर्गशिबिरात कोणत्याही पडद्याविना ठेवण्यात आले आणि तेवढ्याच मुलांचा नेहमीचा दिनक्रम चालू राहिला. चेहऱ्यांची छायाचित्रे आणि मूक दृश्ये पाहून समोरच्याची भावना ओळखण्याची चाचणी दोन्ही गटांनी आधी आणि नंतर दिली. शिबिरातील मुलांची प्रगती अधिक दिसली. परंतु ती मुले त्या दिवसांत सतत एकमेकांच्या सहवासातही होती. त्यामुळे फायदा पडदा नसल्याचा की सहवास असल्याचा, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. माझ्या मते पालकांच्या दृष्टीने त्याने फारसा फरकही पडत नाही, कारण घरी या दोन्ही गोष्टी बरोबरच घडतात.

२०२२ साली ब्रिटनमधील मोठ्या सर्वेक्षणांवर आधारित एक अभ्यास आला. मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलांमध्ये १४ ते १५ या वयांत समाजमाध्यमांचा वाढलेला वापर आणि वर्षभरानंतर कमी झालेले जीवनसमाधान यांचा संबंध त्यात आढळला. उलट दिशेचा संबंधही होता, म्हणजे आधीच असमाधानी असलेली मुले पुढे वापर वाढवत होती. हे परिणाम सरासरीने लहान असतात. पण सरासरीत लहान असलेली गोष्ट एका विशिष्ट मुलीसाठी फार मोठी असू शकते, आणि आपल्या प्रश्नातील शाळेला नकार देणारी मुलगी हे त्याचेच उदाहरण आहे. तिच्या आईला आवर्जून सांगा, की सकाळी पोट दुखणे, झोप मोडणे, भूक मंदावणे अशा तक्रारी असतील तर त्यांना ‘नाटक’ समजू नये. मूल जे शब्दांत सांगू शकत नाही, ते बरेचदा शरीर सांगते.

आणखी एक. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी १३ वर्षांची अट आहे, म्हणून तेराव्या वर्षी मूल त्यासाठी तयार होते असा समज दिसतो. त्या वयाचे मूळ १९९८ च्या एका अमेरिकी कायद्यात आहे, आणि तो कायदा मुलांची माहिती गोळा करण्यासंबंधी आहे. भावनिक विकासाच्या अभ्यासातून ते वय आलेले नाही. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. आजची चौथीतील मुले थोड्याच वर्षांत त्या वयात पोहोचतील, म्हणून या सवयींचा विचार आत्ताच होत आहे हे बरे.

उत्तर ३ (पालक, मेलबर्न)

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येणार नाही, असा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर नसून कंपन्यांवर आहे, आणि दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत होऊ शकतो. एक पालक म्हणून मला या कायद्याचा आधार वाटतो, कारण ‘सगळ्यांकडे आहे, मग मला का नाही’ या वादात आता मी एकटा नसतो. मात्र व्हॉट्सअ‍ॅपसारख्या संदेशसेवा त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे आपण वर्णन केलेला प्रसंग इथेही जसाच्या तसा घडू शकतो.

एका मुद्द्यावर मात्र सरसकट विरोधाशी मी सहमत नाही. आमचा मुलगा कोल्हापुरातील आजीशी आणि मावसभावंडांशी दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर बोलतो. तो जे काही मराठी बोलतो ते बहुतांशी त्यामुळेच. तिथे समोर चेहरा असतो, आवाज असतो, रुसणे आणि समजूत काढणेही असते. फोन तोच असला तरी मुलाला मिळणारा अनुभव अगदी वेगळा आहे.

उत्तर ४ (वाचक, सांगली)

आमच्या जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवले जातात. निर्णय ग्रामसभेचा होता. त्या वेळेत मुले अभ्यासाला बसतात. मला यातील महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा असतो. प्रश्नातील चित्रीकरण एखाद्या मुलाने केलेले नसणार. स्नेहसंमेलनात फोन उंचावून बसलेले प्रेक्षक आपणच मोठी माणसे असतो. रडणाऱ्या मुलाकडे आधी कॅमेरा रोखायचा, हे मुले आपल्याकडूनच शिकतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चित्रीकरण एका पालकांनीच केले होते, हे खरे आहे. आता दोन प्रश्न उरतात. माझ्या मुलीने त्या मैत्रिणीची माफी ग्रुपवर मागावी का? आणि पालकसभेत हा विषय काढताना त्या मुलीची पुन्हा चर्चा होणार नाही, याची काळजी कशी घ्यावी?

उत्तर ५ (प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा)

ग्रुपवर माफी मागू नये. तिथे ती पुन्हा सर्वांसमोर होईल आणि त्यावरही स्टिकर येतील. दोघींची प्रत्यक्ष भेट घडवा, शक्यतो त्या मुलीच्या घरी, कारण तिथे तिला सुरक्षित वाटेल. आपल्या मुलीला काय बोलायचे ते पाठ करून देऊ नका. ‘तू सकाळी शाळेत का येत नाहीस?’ असे तिने स्वतः विचारले आणि उत्तर समोर बसून ऐकले, तरी पुष्कळ झाले.

पालकसभेआधी त्या मुलीच्या आईची संमती घ्या. सभेत नाव घेऊ नका आणि स्टिकर कोणालाही दाखवू नका. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला स्टिकरचा अलीकडचा संदेश सर्वांसाठी काढून टाकता येतो, परंतु ज्यांनी स्टिकर साठवून ठेवले आहे त्यांच्या फोनमध्ये ते राहते, म्हणून प्रत्येक पालकाला ते स्वतः पुसण्याची विनंती करावी लागेल. मुलांचा ग्रुप बंद करावा आणि गृहपाठासाठी केवळ वर्गशिक्षिकाच संदेश पाठवू शकतील असा वेगळा ग्रुप असावा, असा प्रस्ताव मांडा. स्नेहसंमेलनात व्यासपीठावरील मुलांचे चित्रीकरण शाळेनेच करावे आणि पालकांनी फोन खाली ठेवावेत, हेही त्याच सभेत ठरू शकेल. हा विषय शाळेबाहेरचा आहे हे मला मान्य नाही. प्रसंग शाळेच्या कार्यक्रमात घडला आहे आणि त्यामुळे एक मूल शाळेत येईनासे झाले आहे. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या, आणि एक प्रत मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीकडेही द्या.

या प्रसंगात पोलिसांकडे जाण्याची गरज मला दिसत नाही. पुढे कोणी धमकी दिली किंवा अश्लील स्वरूपाचे चित्र फिरवले, तर १९३० हा सायबर तक्रारीचा आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

ग्रुपमधून बाहेर पडल्यावर मुलगी एकटी पडेल, या भीतीविषयी. चार-पाच कुटुंबांनी एकाच दिवशी मुलांना बाहेर काढले तर ग्रुप आपोआप ओस पडतो, म्हणून सभेची वाट न पाहता आधी त्या आयांशी फोनवर बोला. त्याच शनिवारी दोघीतिघींना घरी खेळायला बोलवा आणि त्यांत त्या मैत्रिणीला पहिले आमंत्रण द्या. पहिल्या अर्ध्या तासात थोडी धुसफुस होईल. लगेच मध्ये पडू नका, त्यांची त्यांना सोडवू द्या.