तीन चाकी बाबागाडी: पुण्याच्या फुटपाथवर हीच चालते, माझं ठाम मत

डहाणूकरची_आई
घरात पंधरा दिवस हाच विषय चाललाय. लेक नऊ महिन्यांची झालीय, साडेआठ किलो, कडेवर घेऊन बागेपर्यंत गेलं की परत येताना डावा हात बधिर होतो. सासूबाई म्हणतात दुकानात मिळते ती साधी चार चाकी घे, हलकी असते, पटकन मिटते. मी तीन चाकीवर अडून बसलेय. का ते सांगते, पटत नसेल तर बिनधास्त विरोध करा पण कारणासकट करा.

नणंदेची चार चाकी आम्ही महिनाभर वापरली. पुढची चाकं माझ्या तळहाताएवढी, कडक प्लास्टिकची. आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आणि चेंबरच्या झाकणाच्या मधे दोन बोटांची फट आहे, रोज लक्षात ठेवूनही एक दिवस चाक आडवं होऊन त्यातच गेलं, गाडी जागच्या जागी थांबली, मी हँडलवर आदळले आणि पोरगी पट्ट्यात पुढे झुकली. पट्टा पाच टोकांचा होता म्हणून निभावलं, नुसता कमरेचा असता तर काय झालं असतं ते मला अजून आठवलं तरी कसंतरी होतं. त्या दिवसापासून माझं ठरलंय. मोठी हवेची मागची चाकं, पुढे एक मोठं चाक, ते फटीत जातच नाही, वरून निघून जातं. आणि पुढे उचलायचं असलं तर हँडल जरा खाली दाबलं की झालं. तिवईला तीनच पाय असतात म्हणून ती कुठेही ठेवली तरी डुगडुगत नाही, तेच इथे. चार चाकीचं एक चाक आपल्या रस्त्यावर कायम हवेतच असतं.

दोन_नातवांची_आजी
अगं तिवई डुगडुगत नाही हे खरं, पण तिवईच्या कडेला वजन टाकून बघ, लगेच कलंडते. रिक्षा वळणावर कशी उलटते ते पुण्यात आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुढे एकच चाक म्हणजे पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना आधारच नाही. माझ्या धाकट्या नातवाच्या गाडीचं तेच झालं, फुटपाथवरून तिरकं उतरवायला गेले, पुढचं चाक उतरलं, मागचं एक वर राहिलं आणि गाडी माझ्या अंगावर आली. मी होते म्हणून धरली. हात महिनाभर दुखत होता.

आणि वजनाचं काय? चांगली तीन चाकी दहा-बारा किलोच्या खाली सहसा मिळत नाही, वर तुझी साडेआठ किलोची लेक. तू नोकरीवर जाणार, दुपारी बाहेर कोण नेणार? तुझ्या सासूबाई. मग गाडी त्यांच्या हाताला झेपेल अशीच हवी ना? मला तर वाटतं दुकानात त्यांनाच घेऊन जा आणि त्यांनाच उचलून मिटायला सांग.

डहाणूकरची_आई
आजी, तिरकं उतरवायचंच नाही ना पण. सरळ समोर उभं राहायचं, गाडी फिरवून मागची दोन्ही चाकं एकदम उतरवायची, मग पुढचं. हे चार चाकीलाही लागू आहे. सासूबाईंना झेपायला हवी हे तुमचं म्हणणं मात्र विचार करण्यासारखं आहे, त्यांचा गुडघाही दुखतो.

सायकलवेडा
धागाकर्तीशी १००% सहमत. ही गाडी मुळात खराब वाटेसाठीच आली. १९८४ मधे अमेरिकेत फिल बेक्लर नावाच्या पत्रकाराने मुलाला घेऊन पळता यावं म्हणून बाबागाडीला सायकलची चाकं लावली, त्यातून ही तीन चाकी पळण्याची गाडी बाजारात आली. म्हणजे चाक मोठं हे शोभेसाठी नाही, साधं गणित आहे, खड्डा तेवढाच पण चाक जेवढं मोठं तेवढं ते त्यात कमी उतरतं, म्हणून धक्का कमी. हवेचा टायर उरलेला धक्का खातो. मी लेकाला तळजाई टेकडीवर नेतो, मातीच्या वाटेवर तो झोपून जातो. चार चाकीत त्याच वाटेवर त्याचे गाल थरथरायचे, मला बघवेना.

फक्त दोन गोष्टी. पळणार असाल तर पुढचं चाक लॉक करूनच पळा, ते मोकळं फिरत असलं की वेगात थरथरतं आणि आडवं होतं. आणि दोरीचा पट्टा मनगटात घालायचा म्हणजे घालायचाच, उतारावर हात सुटला तर गाडी वाट बघत नाही. बाळ किती मोठं झाल्यावर पळायचं यावर कंपन्या बहुधा ६ महिने लिहितात, बरेच डॉक्टर ८ महिने होऊ द्या म्हणतात, आपल्या डॉक्टरांना विचारून मगच. नुसतं चालायचं असेल तर हा प्रश्न नाही, पण अगदी तान्ह्या बाळाला सपाट झोपता येईल असं सीट लागतं, ते सगळ्या तीन चाकींत नसतं.

शनिवारपेठी
तळजाईचं ठीक आहे हो, पण रोज तळजाईला कोण जातं? मी पेठेत राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं. बारा किलोचं धूड आणि बाळ दोन्ही एकट्याने वर नेऊन दाखवा. खाली ठेवायला जागा म्हणाल तर जिन्याखाली आधीच तीन स्कूटर.

आम्ही छत्रीसारखी मिटणारी घेतली आणि मी तिचं गुणगान करणार. ही मिटणारी गाडी काढली ओवेन मॅक्लारेन यांनी, १९६५ साली, विमानाच्या चाकांचं काम केलेले इंजिनिअर, स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या लँडिंग गिअरवर काम केलं होतं त्यांनी, निवृत्तीनंतर लेकीची अवजड गाडी घेऊन होणारी ओढाताण बघून ॲल्युमिनिअमची हलकी गाडी केली. म्हणजे ओझ्याचा त्रास हा काही आमच्या पेठेचंच रडगाणं नाही. रिक्षात सीटच्या मागे उभी राहते, मेट्रोत पायाशी मावते. तीन चाकी मिटली तरी एवढी मोठी की छोट्या गाडीच्या डिकीत ती गेली की बाकी काही जात नाही, कित्येकींचं पुढचं चाक काढावं लागतं. लग्नाला निघालात, बॅग कुठे ठेवणार?

औंधचा_बाबा
इथे भांडण गाड्यांचं चाललंय, मला राग रस्त्यांचा येतो. औंधात काही रस्त्यांचे फुटपाथ नव्याने केले तिथे मी कुठलीही गाडी ढकलतो, काही फरक पडत नाही. जंगली महाराज रस्त्यावर पण तसंच, रुंद, बसायला जागा, मुलं खेळतात. तिथून शंभर पावलं आत गल्लीत वळा की फुटपाथ संपला, संपला नाही तर डीपी बॉक्स, तो नसेल तर पार्क केलेली ॲक्टिव्हा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचाऱ्यांसाठीच्या नियमावलीत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिमी लिहिलीय. टेप घेऊन तुमच्या गल्लीत मोजा. आमच्या इथे एका ठिकाणी कड जवळजवळ फूटभर आहे, तिथे तीन चाकी काय नि चार चाकी काय, आई बाळासकट गाडी उचलते किंवा रस्त्यावरून चालते, बसच्या शेजारून. मोठ्या चाकाची गाडी घेतली की आपण खराब फुटपाथ मान्य करून टाकतो असं मला वाटतं.

सायकलवेडा
औंधचा बाबा, तक्रार जरूर करा, मीही करतो, पण माझा लेक आज दीड वर्षाचा आहे. फुटपाथ होईस्तोवर तो शाळेत जाईल. त्याला आज फिरायचंय.

बाणेरकरीण
मी तीन चाकी घेऊन विकली, म्हणून लिहिते. ढकलायला सुंदर, एका हाताने वळते, ह्यात वादच नाही. विकली दोन कारणांनी. एक रुंदी, मागून साधारण ६५ सेंटिमीटर, आणि बाइक वर चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी जे बोलार्ड म्हणजे बुटके खांब लावतात त्यांच्या मधून काही ठिकाणी जात नव्हती, रोज तीच कसरत. दुसरं पंक्चर. टेकडीच्या वाटेवर बाभळीचा काटा, महिन्यातून एकदा ठरलेलं. बाळ झोपलेलं, टायर बसलेला, आणि जवळपास दुकान नाही. फोम भरलेले टायर मिळतात त्यांना पंक्चर नाही पण मग हवेच्या टायरचं सुख पण नाही, अधलंमधलं.

सायकलवेडा
पंक्चरचं सोपं आहे, कुठलाही सायकलवाला काढून देतो, ट्यूब सायकलचीच असते, बहुतेकींना मोटरसायकलसारखाच व्हॉल्व्ह असतो म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. पण पंपावर जपून, टायरच्या बाजूला आकडा लिहिलेला असतो त्याच्या वर जाऊ नका, एवढासा टायर क्षणात दगड होतो.

दोन_नातवांची_आजी
आणखी एक सांगते, कुठलीही घ्या पण हँडलला भाजीची पिशवी लटकवू नका. बाळ उचललं की वजन मागे जातं आणि गाडी उलटी. मी मंडईत पाहिलंय, नशीब बाळ आईच्या हातात होतं. आणि एप्रिल-मेमधे ऊन लागतं म्हणून वरून ओढणी टाकतात ते तर अजिबात नको, आत भट्टी होते, वारा बंद होतो. छत पुढे ओढा नाहीतर साडेनऊच्या आत घरी या.

डहाणूकरची_आई
सगळ्यांचं वाचून काल एक प्रयोग केला. मैत्रिणीची तीन चाकी मागून आणली, नणंदेची चार चाकी होतीच. दोन्हीत आळीपाळीने दहा किलो गव्हाची पिशवी पट्ट्याने बांधली आणि घरापासून बागेपर्यंत तीच वाट दोनदा चालले, पोरगी घरी आजीजवळ. चार चाकीला पूर्ण उचलावं लागलं सात वेळा. तीन चाकीला हँडल दाबून पुढचं चाक वर घ्यावं लागलं पाच वेळा, पूर्ण उचलणं एकदाच, बोलार्डपाशी, बाणेरकरीण म्हणतात तसंच. चार चाकीत परत येईपर्यंत पिशवी घसरून एका बाजूला बसली होती, तीन चाकीत जशी बांधली तशीच. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, गव्हाच्या जागी तिची पाठ आहे.

मग सासूबाईंना ढकलायला दिली. सपाटीवर त्यांना तीन चाकीच आवडली, म्हणाल्या हाताला लागत नाही. पण बिल्डिंगच्या पाच पायऱ्यांशी थांबल्या. दोनदा प्रयत्न केला, नाही झालं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. आजी, तुमचं तेवढं शंभर टक्के बरोबर होतं.

म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले, पायऱ्यांच्या खाली मीटरच्या खोलीशेजारी गाडी साखळीने बांधून ठेवायला परवानगी दिलीय. बाळाला कडेवर खाली आणायचं, गाडी खालीच. तीन चाकीच घेतेय.

शनिवारपेठी
खाली जागा मिळाली हे तुमचं नशीब, आमच्याकडे मिळाली असती तरी मी हलकीच घेतली असती, आठवड्यातून तीनदा रिक्षाने आईकडे जातो आम्ही. पण तुमची वाट तुम्ही मोजलीत, त्यावर मी काही बोलत नाही.

बाणेरकरीण
मीटरच्या खोलीशेजारी म्हणालात म्हणून, तिथे उंदीर असतीलच. आमच्या गाडीचे पट्टे कुरतडले होते, बिस्किटाचा चुरा सीटच्या शिवणीत अडकलेला त्याच्या वासाने, आणि पट्टा अर्धा तुटलाय हे बाळ बसवताना कळलं. सीटचं कापड आणि पट्टे सुटे निघणारी गाडी बघा, रात्री तेवढं वर घेऊन जायचं. सांगाडा राहू दे खाली.

डहाणूकरची_आई
हे डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी दुकानात जातोय, सासूबाई पण येतायत, पट्टे काढून घालून बघायला त्यांनाच सांगते.